तान्ह्या पोळ्याचा लांकडी बैल, अथवा बाळाच्या हातीं काय द्यावें



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं आपल्या विदर्भांत जो तान्हा पोळा भरतो, त्याची ओळख वर्धा जिल्ह्यांतील वाचकांस नव्यानें करून द्यावयास नको. आदल्या दिवशीं शेतांतल्या बैलांचा मान असतो, दुसऱ्या दिवशीं मुलांच्या लांकडी बैलांचा. लहान लहान मुलें आपआपले चाकांचे बैल सजवून दोरीनें ओढीत आणतात, घरोघर फिरवितात आणि बोजारा मागतात. सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा तर जिल्ह्याबाहेरही प्रसिद्ध आहे. तेथें मुठींत मावेल एवढ्या बैलापासून, थोर माणसांसही ढकलतांना दम लागावा एवढ्या बैलापर्यंत, सर्व प्रकारचे बैल दृष्टीस पडतात.

सणाच्या पूजाअर्चेविषयीं ह्या पाठांत कांहीं सांगावयाचें नाहीं. सांगावयाचें आहे तें त्या लांकडी बैलाविषयीं, आणि त्याच्या निमित्तानें आपण आपल्या बाळांच्या हातीं ज्या ज्या वस्तु देतों त्या सर्वांविषयीं.

पोळ्याच्या बाजारांत एक आई उभी आहे असें समजूं. तिच्या कडेवर अकरा महिन्यांचें बाळ आहे, बोट धरून चार वर्षांचा मुलगा आहे, आणि पदराच्या गांठींत मोजकेच पैसे आहेत. एका दुकानांत सुतारानें केलेला साधा, न रंगविलेला बैल आहे. शेजारच्या दुकानांत प्लास्टिकचा तांबडा-पिवळा बैल आहे. कळ दाबली कीं त्याचे डोळे लुकलुकतात व पोटांतून गाणें वाजतें. किंमत दोहोंची सारखीच. मुलगा वाजणाऱ्या बैलाकडे बोट दाखवितो, बाळही तिकडेच झेप घेतें. शेजारीण म्हणते, “घे नं वो बाई, तो वाजणारा घे. लेकरू रमते तरी!”

त्या आईनें काय घ्यावें, आणि कां? दिसावयास हा प्रश्न लहान आहे. परंतु बाळाच्या हातीं दिलेल्या वस्तूनें कोठें त्याचा श्वास कोंडला आहे, कोठें त्याच्या पोटांत विष गेलें आहे. आणि योग्य वस्तूनें त्याचे हातपाय, जीभ व बुद्धि हीं कामास लागलीं आहेत. लेकरें ही आपणांकडे सोंपविलेली ठेव आहे. म्हणून वस्तूची पारख तिच्या किंमतीवरून वा झगमगाटावरून न करितां दोन प्रश्नांवरून करावी. पहिला हा कीं, ह्या वस्तूपासून बाळाच्या जिवास अपाय होईल काय? दुसरा हा कीं, ही वस्तु हातीं आल्यावर काम कोण करतो, वस्तु कीं मूल?

1. श्वासाची कसोटी

सुमारें चौथ्या महिन्यापासून बाळ जें सांपडेल तें तोंडांत घालतें. हें त्याचें दुर्वर्तन नव्हे. वस्तु कठीण कीं मऊ, गार कीं ऊन, गुळगुळीत कीं खरखरीत, हें ज्ञान त्यास ओठ व जीभ ह्यांच्या द्वारें होतें. तेव्हां “तोंडांत घालूं नको” असें दरडावून उपयोग नाहीं. तोंडांत गेली तरी अपाय करणार नाहीं अशीच वस्तु त्याच्याजवळ ठेवणें, हें आईबापांचें काम आहे.

लहान मुलाची श्वासनलिका अरुंद असते, आणि दाढा पुरत्या आलेल्या नसल्यामुळें चावून बारीक करणें त्यास साधत नाहीं. शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, सीताफळाच्या बिया, गोट्या, गुंड्या, नाणीं, ह्या वस्तु आपण बाळाचें खेळणें म्हणून आणीत नाहीं. पण बाळाच्या दृष्टीनें तीं सर्व खेळणींच होत. लांकडी बैलासही हाच नियम लागू आहे. बैल हातभर असला तरी त्याच्या गळ्यांतील घुंगरू, शिंगांवरील मणी, डोळ्यांच्या जागीं ठोकलेले खिळे व चाक अडकविणारी खुंटी हीं ओढाताणींत सुटतात. बैल गळ्यांत अडकत नाहीं, घुंगरू अडकतो.

ह्याची पारख करण्याचें एक साधन प्रत्येक घरीं फुकट बनवितां येतें. जाड पुठ्ठ्याची साडेचार सेंटिमीटर व्यासाची एक नळी करावी. जी वस्तु, अथवा वस्तूचा जो सुटणारा भाग, ह्या नळींतून आरपार जातो, तो तीन वर्षांखालील मुलाच्या हातीं जाऊं देऊं नये. खेळणीं तपासणाऱ्या संस्था लहान तुकड्यांसाठीं जें नळकांडें वापरतात त्याची रुंदी 31.7 मिलीमीटर असते, आणि लहान चेंडूंसाठीं 44.5 मिलीमीटरचें भोंक वापरतात. आपली नळी त्या दोहोंहून किंचित् मोठी आहे. म्हणून चूक झालीच तर ती सुरक्षिततेच्या बाजूस होईल.

परंतु दोन शत्रु ह्या नळीस ओळखतां येत नाहींत. एक रबरी फुगा. फुगलेला फुगा नळींतून जात नाहीं. पण फुटला कीं त्याचा तुकडा बाळाच्या घशावर झांकणासारखा बसतो व काढतां येत नाहीं. दुसरा शत्रु म्हणजे वाजणाऱ्या खेळण्याच्या पोटांतील चकतीसारखी लहान बॅटरी, जिला बटन सेल म्हणतात. खेळणें मोठें असतें, पण झांकण निघालें कीं सेल बाहेर पडतो. तो अन्ननलिकेंत अडकला तर ओलाव्यामुळें विजेचा प्रवाह सुरू होऊन दोन तासांच्या आंत आंतून खोल भाजतें. ज्या खेळण्याच्या बॅटरीचें झांकण स्क्रूनें बंद केलेलें नाहीं, तें घरांत आणूंच नये. सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी, बाळ हंसत-खेळत असलें तरी, त्याच घटकेस दवाखाना गांठावा.

घशांत कांहीं अडकलें असतां काय करावें, हेंही येथेंच शिकून ठेवावें. मूल जोरानें खोकत असेल तर त्यास खोकूं द्यावें. खोकतां, रडतां वा श्वास घेतां येत नसेल, आणि बाळ एक वर्षाच्या आंतलें असेल, तर त्यास आपल्या हातावर पालथें, डोकें खालीं करून धरावें, व दोन खवाट्यांच्या मध्यें तळहाताच्या टांचेनें पांच ठोके द्यावे. तेवढ्यानें वस्तु निघाली नाहीं तर बाळास उताणें करून छातीच्या मध्यभागीं दोन बोटांनीं पांच वेळां दाबावें. मग पुन्हां पाठीवर ठोके, पुन्हां छातीवर दाब. एक वर्षावरील मुलास पाठीवर पांच ठोके दिल्यावर, मागून मिठी घालून, बेंबीच्या वर मूठ ठेवून आंत व वर असें पांच वेळां दाबावें. वस्तु डोळ्यांस दिसत नसतां तोंडांत बोट फिरवूं नये. त्यानें ती अधिकच आंत जाते. त्याच वेळीं दुसऱ्यानें 108 वर दूरध्वनि करून रुग्णवाहिका बोलवावी.

2. विषाची कसोटी

बाळ जें चोखतें त्याचा रंग त्याच्या पोटांत जातो. रंगांत पूर्वींपासून शिसें मिसळीत आले आहेत, कारण त्यानें रंग चकचकीत व टिकाऊ होतो. शिसें शरीरांत साठतें आणि वाढत्या मेंदूस कायमची इजा करतें. मोठ्या माणसाच्या पोटांतून जेवढें शिसें रक्तांत जातें, त्याच्या चार-पांच पट लहान मुलाच्या रक्तांत जातें. आणि अमुक इतकें शिसें निर्धोक, असें कोणतेंही प्रमाण ठरलेलें नाहीं. वाईट हें कीं, बाळ त्या दिवशीं रडत नाहीं, त्यास ताप येत नाहीं. पुढें शाळेंत मूल मागें पडतें, तेव्हां आपण त्याच्या नशिबास बोल लावतों.

घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाविषयीं केंद्र सरकारनें 2016 सालीं नियम केले, व ते 1 नोव्हेंबर 2017 पासून अंमलांत आले. त्यांप्रमाणें रंगाच्या दहा लक्ष भागांत शिसें 90 भागांहून अधिक असतां कामा नये, आणि तसें डब्यावर छापलेलें असलें पाहिजे. ट्रॅक्टर, मोटारी व यंत्रें ह्यांस लावावयाचा रंग मात्र ह्या नियमाखालीं येत नाहीं. म्हणून घरीं उरलेला तसला रंग बैलास, पाळण्यास वा खुळखुळ्यास लावूं नये. नवा डबा घेतांना त्यावरील मजकूर वाचावा. वाचतां येत नसेल तर वाचून घ्यावा. जुन्या खेळण्याचा रंग पोपडे धरून निघत असेल तर तें बाळापासून दूर करावें, व घरांत घांसून त्याची धूळ उडवूं नये.

ह्याहून सोपा मार्ग असा कीं, बैल रंगवूंच नये. कांचकागदानें घांसून, हात फिरवून कोठें फांस लागत नाहीं असें पाहावें, आणि घाण्याचें खाण्याचें जवसाचें तेल चोळून आठ-दहा दिवस वाळूं द्यावें. लांकडाची शीर खुलून दिसते. तेलाचें फडकें मात्र बोळा करून ठेवूं नये, तें आपोआप पेट घेऊं शकतें, पसरून वाळवावें.

आपला जिल्हा कापसाचा. घरोघर फवारणीचीं औषधें येतात, आणि रिकामा डबा किंवा बाटली दिसावयास सुबक असल्यामुळें मुलांच्या हातीं जाते; कोणी तींत पाणी भरतो, कोणी खडे घालून खुळखुळा करतो. वाचकहो, कीटकनाशकाचा डबा कितीही वेळां धुतला तरी तो खेळणें होत नाहीं. तो ठोकून निकामी करावा. तसेंच डोळ्यांत घालावयाच्या सुरम्यांत शिसें आढळलेलें आहे. बाळाचे डोळे स्वच्छ ठेवावयास काजळ वा सुरमा ह्यांची कांहीं गरज नाहीं.

3. दोरीची व चाकाची कसोटी

बैलाची दोरी हीच त्याची शोभा. पण दोरी गळ्याभोंवतीं बसली तर घटकेंत अनर्थ होतो. दीड वर्षाच्या आंतील मुलाजवळ वीतभराहून लांब दोरी सोडूं नये. मोठ्या माणसानें समोर बसून बैल ओढावा, मुलास ओढावयास द्यावा, आणि खेळ संपला कीं दोरी सोडून ठेवावी. दोरीच्या टोंकास मुलाचें डोकें जाईल असा फांसा कधींही करूं नये. हाच विचार बाळाच्या गळ्यांतील काळ्या दोऱ्यास व साखळीस लावावा, आणि झोळीसही लावावा. झोळींत बाळ असतां जवळ मोठें माणूस असावें. बाळ उठलें कीं झोळी सोडून ठेवावी, म्हणजे मोठीं मुलें तींत गिरक्या घेणार नाहींत. निजवितांना बाळास उताणें, सपाट व घट्ट अंथरुणावर निजवावें. त्याच्याजवळ उशी, मऊ बाहुली वा सैल गोधडी असूं नये.

चाकांविषयीं एक महत्त्वाची गोष्ट सांगावयाची आहे. आपल्याकडे जुना पांगुळगाडा होता. मूल उभें राहून त्याचा आडवा दांडा धरतें आणि तो ढकलीत चालतें. सध्यां बाजारांत त्याऐवजीं प्लास्टिकचा गोल वॉकर मिळतो, त्यांत मूल मध्यें बसतें व पाय आपटीत सरकतें. दोन्हींस चाकें आहेत, परंतु फरक मोठा आहे. पांगुळगाड्यांत अंगाचा भार व तोल मुलानें सांभाळावयाचा असतो. वॉकरमध्यें भार बैठकीवर असतो, पाय नुसते टेकतात, आणि ज्याचा तोल अजून सांवरलेला नाहीं असें मूल वेगानें पायरीकडे, चुलीकडे, विहिरीकडे जातें. वॉकरनें मूल लवकर चालूं लागतें ही समजूत खोटी ठरली आहे. कॅनडाच्या सरकारनें 2004 सालीं अशा वॉकरची विक्रीच बंद केली. पांगुळगाडाही मोठ्यांच्या नजरेखालीं, सपाट अंगणांतच द्यावा; पण दोहोंत निवड करावयाची झाली तर आजीची निवड बरोबर होती.

4. काम कोण करतो?

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. साधा बैल स्वतः कांहींच करीत नाहीं. मुलानें ओढलें तर चालतो, सोडलें तर थांबतो, वळणावर उलटतो. तो कां उलटला, हें मूल मान वळवून पाहतें, खालीं बसतें, त्यास सरळ करतें, पुन्हां ओढतें. दोरी ताणली कीं बैल येतो, सैल पडली कीं राहतो. कारण व कार्य ह्यांचा हा पहिला पाठ होय. मग मूल त्यास चारा घालतें, पाणी दाखवितें, “हुर्र हो” म्हणतें. पाय, डोळे, हात, वाचा व कल्पना हीं पांचही कामास लागलीं.

वाजणारा बैल सर्व कामें स्वतः करतो. तोच चमकतो, तोच गातो. मूल एक कळ दाबतें आणि पाहत बसतें. “लेकरू रमते” हें शेजारणीचें म्हणणें खरें आहे. पण रमणें आणि वाढणें ह्या दोन गोष्टी आहेत.

ह्याविषयीं अमेरिकेंत एक परीक्षा झाली. नॉर्दर्न अॅरिझोना विद्यापीठांतील अॅना सोसा ह्यांनीं 10 ते 16 महिन्यांच्या 26 बाळांस व त्यांच्या आईबापांस घरींच तीन प्रकारच्या वस्तूंशीं खेळावयास सांगितलें: वाजणारीं-बोलणारीं खेळणीं, साधीं लांकडी वगैरे खेळणीं, आणि चित्रांचीं पुस्तकें. त्या वेळचें बोलणें नोंदून घेतलें. ही परीक्षा 2016 सालीं प्रसिद्ध झाली. खेळणें बोलूं लागलें कीं आईबापें कमी बोलत, बाळास उलट उत्तर कमी देत, आणि बाळही कमी हुंकार देई. पुस्तकाशीं बोलणें सर्वांत अधिक झालें. बाळ भाषा शिकतें तें यंत्राच्या गाण्यापासून नव्हे, तर त्याच्या हुंकारास जें माणूस उत्तर देतें त्याच्यापासून. खेळण्याचा मोठा गुण हा कीं तें आईच्या तोंडून शब्द काढतें. मोठा दोष हा कीं तें तिला गप्प बसवितें.

मोबाइलविषयींही हेंच. जागतिक आरोग्य संघटनेनें 2019 सालीं सांगितलें कीं, दोन वर्षांच्या आंतील मुलास पडद्यासमोर बसवूं नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसांतून एक तासाहून अधिक नको, कमी तितकें बरें. घांस भरविण्यासाठीं मोबाइल दाखविण्याची जी संवय घरोघर लागली आहे, ती मोडणें कठीण आहे. परंतु मोडली पाहिजे.

5. कोणत्या वयास काय?

जन्मापासून तीन महिने: आईबापांचा चेहरा व आवाज हेंच खेळणें. ह्या वयांत विकत घ्यावयाचें कांहीं नाहीं. पहिले सहा महिने केवळ आईचें दूध. दुधाची बाटली हीही बाळाची एक अपायकारक वस्तु होय, कारण तिचें बोंड नीट स्वच्छ होत नाहीं व बाळ जुलाबानें आजारी पडतें. बाटलीची व डब्याच्या दुधाची जाहिरात करण्यास आपल्या देशांत 1992 च्या कायद्यानें मनाई आहे. वैद्याच्या सल्ल्यानें दूध बाहेरून पाजावें लागलें तर वाटी-चमच्यानें पाजावें.

चार ते सहा महिने: मुठींत धरतां येईल असें गुळगुळीत लांकडी कडें, स्वच्छ धुतलेला चमचा, आंतील दाणा बाहेर पडणार नाहीं असा पक्का खुळखुळा.

सात ते बारा महिने: बाळ बसूं लागलें. दोन वाट्या एकमेकींवर आपटावयास, डब्यांत मोठी वस्तु टाकावयास व काढावयास, फडक्याखालीं लपविलेला पेला शोधावयास द्यावा. स्वयंपाकघरांतील भांडीं हीं ह्या वयाचीं उत्तम खेळणीं. फक्त धार व गंज नसावा.

एक ते दोन वर्षें: ढकलण्याची व ओढण्याची आवड. पांगुळगाडा, चाकांचा बैल, एकावर एक रचावयास लांकडाचे मोठे ठोकळे, पानें उलटावयास जाड चित्रांचें पुस्तक.

दोन ते तीन वर्षें: लुटुपुटीचा खेळ. चिंध्यांची बाहुली घरीं शिवावी. सरकी काढलेला कापूस भरावा, डोळे दोऱ्यानें काढावे, गुंडीचे लावूं नयेत, शिवण दुहेरी घालावी. मळलेली माती, लहान केरसुणी, पाणी ओतावयास दोन पेले.

तीन वर्षांपुढें: बिया व पानें निवडून वेगळीं करणें, मोठे मणी ओवणें, खडूनें रेघोट्या, भातुकली, गोष्टी व बडबडगीतें. बिया व मणी मोठ्यांच्या देखत, आणि घरांत तान्हें बाळ असेल तर त्याच्या हातास लागणार नाहीं असे.

6. हा विचार आपल्याच मातींतला

कोणी म्हणेल कीं हें शहरांतील शिकलेल्यांचें शास्त्र आहे. तसें नाहीं. ऑक्टोबर 1937 मध्यें वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं जी शिक्षण-परिषद भरली, तिनें हातांच्या कामांतून शिक्षण हा विचार देशापुढें ठेवला. पुढें 1945 सालीं सेवाग्रामच्या परिषदेनें ठरविलें कीं, हें शिक्षण सात वर्षांपासून नव्हे तर आईच्या पोटापासून सुरू होतें; तेव्हां सात वर्षांखालील मुलांच्या शिक्षणास पूर्व-बुनियादी हें नांव मिळालें. मुलाच्या हाताएवढें काम व घरचीं साधनें, हा त्याचा पाया होता.

त्याच काळीं ताराबाई मोडक हें काम करीत होत्या. त्यांचा कांहीं काळ आपल्या शेजारच्या अमरावतीस गेला. पुढें त्यांनीं भावनगरास गिजुभाई बधेका ह्यांच्यासह बालशिक्षणाचें काम केलें. मारिया मॉंटेसरी ह्या इटालियन विदुषीचीं साधनें गुणकारी, पण महाग. ताराबाईंनीं 1945 सालीं बोर्डीस, व 1957 पासून कोसबाडच्या डोंगरावर, अनुताई वाघ ह्यांच्या सोबतीनें आदिवासी मुलांसाठीं शिंपले, खडे, पानें, फुलें व बिया ह्यांचींच साधनें केलीं. पाड्यांतल्या अंगणांत मुलांस जमवून त्यांनीं जी अंगणवाडी भरविली, तेंच नांव आज गांवोगांव परिचित आहे. आमच्या काळांतही सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेनें, युनिसेफ व राज्याची एकात्मिक बालविकास सेवा योजना ह्यांच्यासह, ‘आरंभ’ नांवाच्या उपक्रमांत अंगणवाडी सेविकांस हेंच शिकविलें आहे कीं, पहिल्या तीन वर्षांत बाळाशीं बोलणें व घरच्या वस्तूंनीं खेळणें ह्यांनीं त्याची बुद्धि वाढते.

तेव्हां ज्या घरीं खेळण्यांस पैसे नाहींत, त्या घरच्या आईनें खालीं मान घालण्याचें कारण नाहीं. दोन वाट्या, एक फडकें, चिंध्यांची बाहुली आणि उत्तर देणारा आवाज ज्या घरीं आहे, त्या घरचें बाळ गरीब नाहीं.

7. पुन्हां बाजारांत

आतां त्या आईकडे परत जाऊं. तिनें प्रथम प्लास्टिकच्या बैलावर आयएसआय ही खूण आहे काय तें पाहावें. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर ही खूण असणें आपल्या देशांत सक्तीचें आहे. खूण नसेल तर तो बैल परत ठेवावा. खूण असली तरी वय लिहिलेलें पाहावें, आणि झांकणास स्क्रू आहे काय तें पाहावें.

मग लांकडी बैल हातीं घ्यावा. लांकूड आहे एवढ्यानें तो निर्दोष ठरत नाहीं. हस्तकला-आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांस ह्या नियमांतून सूट आहे. म्हणून सुताराच्या बैलावर ती खूण बहुधा नसेल, आणि तेथें पारख आपणांसच करावी लागेल. चाक ओढून पाहावें, खुंटी हलवून पाहावी, शिंगांच्या टोंकांवर तळहात दाबून पाहावा, पाठीवरून हात फिरवावा. फांस असेल तर सुतारास तेथेंच सांगावें, “दादा, एवढें घांसून द्या”. तो आनंदानें देईल.

आमच्या मतें तिनें हा बैल चार वर्षांच्या मुलासाठीं घ्यावा, आणि घुंगरू व मणी काढून ठेवावे. अकरा महिन्यांच्या बाळासाठीं बाजारांतून कांहीं न घेतां घरीं जावें. सायंकाळीं थोरला बैल ओढील, धाकटें रांगत मागें येईल, आणि आई म्हणेल, “पाहा, बैल आला! कुठं गेला बैल?” बाळ हुंकार देईल, आई पुन्हां उत्तर देईल. पदराच्या गांठींत उरलेल्या पैशांनीं एक चित्रांचें पुस्तक येत असेल तर अधिक उत्तम.

उपदेशक व शिक्षक बंधूंस सूचना: ज्या गांवीं वाचतां येणारे थोडे आहेत तेथें हा पाठ दोन बैठकींत वाचून दाखवावा. पुठ्ठ्याची नळी सर्वांसमक्ष करावी, व घशांत अडकलेली वस्तु काढण्याची रीत बाहुलीवर करून दाखवावी. ह्या बैठकीस बापांसही अवश्य बोलवावें, कारण बाजारांतून खेळणें बहुधा तेच आणतात.

उजळणीचे प्रश्न

1. खेळणें निवडतांना कोणते दोन प्रश्न विचारावे?
2. साडेचार सेंटिमीटरच्या नळीनें काय कळतें, आणि कोणते दोन शत्रु कळत नाहींत?
3. एक वर्षाच्या आंतील बाळाच्या घशांत वस्तु अडकली तर काय कराल? करून दाखवा.
4. पांगुळगाडा व वॉकर ह्यांत भेद कोणता?
5. आपल्या घरीं आज बाळाच्या हातास लागेल अशा तीन अपायकारक वस्तु कोणत्या? घरीं जाऊन त्या आजच उंच जागीं ठेवा, आणि पुढच्या बैठकींत सांगा.